आयर्लंडमधील निवडणुका आणि अल्पमतातील सरकारे, १९७७ ते १९९७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वीस वर्षांचा वेगळा विचार का करायचा?

१९७७ च्या निवडणुकीत फिअना फॉल या पक्षाने १४८ पैकी ८४ जागा जिंकल्या, आणि त्यानंतर आजपर्यंत आयर्लंडमध्ये एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. पुढच्या निवडणुकीपासून सभागृहाची सदस्यसंख्या १६६ झाली. त्या सभागृहात चार सरकारे ८१ किंवा त्याच्या अगदी जवळच्या संख्याबळावर उभी राहिली. १९८१ मध्ये फिना गेल या दुसऱ्या मोठ्या पक्षाचे नेते गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या मजूर पक्षाबरोबरच्या आघाडीकडे ८० जागा होत्या. फिअना फॉलचे नेते चार्ल्स हॉही यांच्याकडे १९८२ मध्ये ८१ आणि १९८७ मध्येही ८१ जागा होत्या. १९९७ मध्ये त्याच पक्षाचे बर्टी अहर्न यांच्या आघाडीची बेरीज पुन्हा ८१ च होती. पहिले सरकार सात महिन्यांत पडले, दुसरे आठ महिन्यांत, तिसरे दोन वर्षांहून थोडे अधिक टिकले आणि चौथ्याने जवळजवळ पाच वर्षे पूर्ण केली. आकडा सारखा असताना आयुष्यात एवढी तफावत का पडली, हा या काळाचा खरा प्रश्न आहे आणि पुढील बहुतेक उत्तरे त्याच्याच भोवती फिरतात.

मतदानाची पद्धत कोणती आहे? ती समजायला फार अवघड आहे का?

आपल्याकडे राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत पसंतीक्रमाचे मतदान होते, तेच तत्त्व आयर्लंडमध्ये सर्वसामान्य मतदाराच्या हाती दिलेले आहे. त्याचे पारिभाषिक नाव एकल संक्रमणीय मत. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच सदस्य निवडले जातात. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आपले पसंतीक्रम लिहितो. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकने अधिक असलेल्या संख्येने भागून त्यात एक मिळवला की विजयासाठी लागणारा कोटा निघतो. चार जागांच्या मतदारसंघात ४०,००० वैध मते पडली असतील, तर हा कोटा ८,००१ होईल. कोटा ओलांडणाऱ्या उमेदवाराची जादा मते पुढच्या पसंतीकडे जातात, आणि कोणीच कोटा गाठत नसेल तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते वाटली जातात. मोजणी दिवस-दिवस चालते आणि दहाव्या-बाराव्या फेरीत एखाद्याचे नशीब पालटते.

या पद्धतीचे दोन परिणाम अल्पमताच्या राजकारणाशी थेट जोडलेले आहेत. एक म्हणजे पाच जागांच्या मतदारसंघात साधारण १७ टक्के मते जमवू शकणारा अपक्ष, दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या जोरावर त्याहून कमी मतांतही, आरामात निवडून येतो. दुसरे असे, की एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकाच मतदारसंघात एकमेकांशी झुंजत असल्याने प्रत्येक सदस्याला गल्लीतल्या गटारापासून पेन्शनच्या अर्जापर्यंत सगळ्यात लक्ष घालावे लागते. डब्लिनमध्ये बसून देशाची धोरणे ठरवणारा मंत्रीही मतदारसंघात आठवड्याची बैठक चुकवत नाही.

ही पद्धत मोडीत काढण्याचा प्रयत्न झाला नाही का?

दोनदा झाला. फिअना फॉलने १९५९ आणि १९६८ मध्ये सार्वमत घेऊन आपल्यासारखी ‘ज्याला जास्त मते तो विजयी’ ही पद्धत आणण्याचा प्रस्ताव ठेवला. मतदारांनी तो पहिल्या वेळी थोडक्या फरकाने आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ ६१ टक्के मतांनी फेटाळला. पद्धत बदलता येत नाही म्हटल्यावर मतदारसंघांच्या सीमा बदलण्याचा मार्ग उरला. फिना गेल आणि मजूर पक्षाच्या सरकारातील मंत्री जेम्स टली यांनी डब्लिनमध्ये तीन जागांचे मतदारसंघ पाडून आपल्या आघाडीला सोयीची आखणी केली. १९७७ मध्ये मतदारांचा कल इतका उलटा फिरला की हीच आखणी फिअना फॉलच्या पथ्यावर पडली. पुढे सीमा आखण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे सोपवण्यात आले, आणि माझ्या मते त्या काळातील सर्वांत टिकाऊ सुधारणा हीच होय.

पंतप्रधान निवडण्यासाठी नेमकी किती मते लागतात?

आयर्लंडच्या पंतप्रधानाला टीशॉख आणि कनिष्ठ सभागृहाला डॉल असे म्हणतात. डॉल टीशॉखचे नाव सुचवते आणि राष्ट्राध्यक्ष त्याची नेमणूक करतात. १६६ सदस्यांच्या सभागृहात निम्म्याहून अधिक म्हणजे ८४ जागा हव्यात असे वाटेल, परंतु प्रत्यक्षात मतदान करणाऱ्यांमधील बहुमत पुरेसे असते. त्यामुळे एखाद्याने पाठिंबा न देता नुसते तटस्थ राहणे हीसुद्धा मोठी मदत ठरते.

सभापतींची बाबही या हिशेबात महत्त्वाची आहे. सभापती एरवी मत देत नाहीत, समसमान मते पडली तरच त्यांचे निर्णायक मत मोजले जाते. आपल्याच पक्षाचा माणूस त्या खुर्चीत बसवला की एक मत गमवावे लागते. म्हणून घासून लागलेल्या सभागृहात अपक्षाला किंवा विरोधी पक्षातील ज्येष्ठाला सभापतिपद देणे हा तिथला जुना डाव आहे. १९८१ आणि १९८२ मध्ये जॉन ओकॉनेल, १९८७ मध्ये शॉन ट्रेसी हे अपक्ष सभापती झाले, आणि १९९७ मध्ये अहर्न यांच्या काळात हे पद मजूर पक्षाच्या शेमस पॅटिसन यांच्याकडे गेले. मावळत्या सभापतींना पुढच्या निवडणुकीत मतदानाला सामोरे जावे लागत नाही, ते आपोआप निवडून आल्याचे मानले जाते. हे आमिष लहान नव्हे.

१९८१ चे सरकार मुलांच्या बुटांवरून पडले, हे खरे आहे का?

खरे आहे, परंतु बूट हे शेवटचे निमित्त होते.

तेव्हा टीशॉख असलेल्या हॉही यांना १९८१ च्या फेब्रुवारीतच निवडणूक जाहीर करायची होती. पक्षाचे अधिवेशन भरत असतानाच १४ तारखेच्या पहाटे त्यांच्याच मतदारसंघातील स्टारडस्ट या नृत्यगृहाला आग लागून ४८ तरुण-तरुणी मृत्युमुखी पडल्या आणि घोषणा पुढे ढकलावी लागली. निवडणूक ११ जूनला झाली तोपर्यंत उत्तर आयर्लंडमधील मेझ तुरुंगात ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या प्रजासत्ताकवादी कैद्यांचे उपोषण सुरू होऊन काही जणांचा मृत्यूही झाला होता. या कैद्यांपैकी दोघे, किरन डोहर्टी आणि पॅडी ॲग्न्यू, सीमेलगतच्या मतदारसंघांतून डॉलवर निवडून आले. ते सभागृहात येणे शक्यच नव्हते, पण त्यांची मते मुख्यतः फिअना फॉलच्या पदरातून गेली होती. फिअना फॉलला ७८, फिना गेलला ६५ आणि मजूर पक्षाला १५ जागा मिळाल्या. फिट्झजेराल्ड ८१ विरुद्ध ७८ मतांनी टीशॉख झाले.

या सरकारला टिकण्यासाठी रोजच्या रोज दोन-तीन अपक्षांची मर्जी सांभाळावी लागत होती, आणि त्यांच्याशी लेखी असे काहीच ठरलेले नव्हते. देशाची आर्थिक स्थिती बिकट होती. २७ जानेवारी १९८२ रोजी अर्थमंत्री जॉन ब्रूटन यांनी कडक अर्थसंकल्प मांडला आणि त्यात मुलांच्या कपड्यांना व पादत्राणांना असलेली मूल्यवर्धित करातील सूट काढून घेतली. लहान पावलांच्या स्त्रिया मुलांचे बूट घेऊन कर चुकवतील, असा त्यामागचा युक्तिवाद सांगितला जातो, आणि तो आजही आयरिश लोकांच्या थट्टेचा विषय आहे. लिमरिकचे समाजवादी अपक्ष जिम केमी यांना हा अर्थसंकल्प गरिबांवर बोजा टाकणारा वाटला. फिट्झजेराल्ड यांनी अखेरच्या क्षणी सभागृहातच त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला, तो व्यर्थ गेला. ठराव ८२ विरुद्ध ८१ मतांनी फेटाळला गेला.

केमी यांचा विरोध लहरीपणाचा नव्हता. ज्याच्या एका मतावर सरकार उभे आहे, त्याला अर्थसंकल्पातील तरतूद इतरांबरोबर सभागृहातच कळावी, यातच या सरकारच्या कारभाराचे दुखणे दिसते.

त्याच रात्री राष्ट्राध्यक्षांना आलेल्या दूरध्वनींचे प्रकरण काय होते?

राज्यघटनेच्या तेराव्या अनुच्छेदानुसार, ज्या टीशॉखने सभागृहाचे बहुमत गमावले आहे त्याने मागितलेले विसर्जन नाकारण्याचा पूर्ण अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे. हा अधिकार आजवर एकदाही वापरला गेलेला नाही. २७ जानेवारीच्या रात्री फिट्झजेराल्ड विसर्जनाची विनंती घेऊन निघाले असताना फिअना फॉलच्या गोटातून राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी यांच्या निवासस्थानी दूरध्वनी जाऊ लागले. विसर्जन नाकारावे आणि हॉही यांना सरकार बनवण्याची संधी द्यावी, असा त्यामागचा आग्रह होता. हिलरी स्वतः पूर्वी फिअना फॉलचेच मंत्री होते, तरीही ते बधले नाहीत आणि त्यांनी विसर्जन मंजूर केले.

गोष्ट तिथे संपायला हवी होती, पण जवळजवळ नऊ वर्षांनी ती पुन्हा वर आली. १९९० मध्ये फिअना फॉलचे ब्रायन लेनिहन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते आणि विजय त्यांच्या हातात असल्यासारखा होता. त्या रात्री आपण दूरध्वनी केला नव्हता, असे त्यांनी दूरदर्शनवर सांगितले, आणि आधी एका संशोधक विद्यार्थ्याला दिलेल्या मुलाखतीच्या ध्वनिफितीत मात्र त्यांनीच तो केल्याचे म्हटले होते. सरकारातील भागीदार पक्षाने बाहेर पडण्याचा इशारा दिल्यावर हॉही यांना आपल्या या जुन्या मित्राला मंत्रिमंडळातून काढावे लागले. पहिल्या पसंतीच्या मतांत लेनिहन पुढेच राहिले, पण तिसऱ्या उमेदवाराची मते वाटली गेल्यावर मेरी रॉबिन्सन विजयी झाल्या आणि देशाला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली.

‘ग्रेगरी करार’ म्हणजे काय?

१८ फेब्रुवारी १९८२ च्या निवडणुकीत फिअना फॉलला ८१, फिना गेलला ६३, मजूर पक्षाला १५ आणि डाव्या विचारांच्या वर्कर्स पार्टीला ३ जागा मिळाल्या. डब्लिनच्या मध्यवस्तीतून टोनी ग्रेगरी नावाचे शिक्षक आणि वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते अपक्ष म्हणून प्रथमच निवडून आले. गोदीचे काम यांत्रिक झाल्याने हा भाग बेकारीने पोखरला होता. घरे पडकी झाली होती आणि हेरॉइनचा विळखा आवळत होता. फिट्झजेराल्ड आणि हॉही दोघेही ग्रेगरी यांच्या भेटीला त्यांच्या वस्तीत गेले. हॉही यांनी अधिक देऊ केले आणि कागदावर सहीही केली.

या करारात मध्यवस्तीत नवी घरे, रोजगार, शाळा, बंदर मंडळाच्या सत्तावीस एकर जागेचा सार्वजनिक उपयोग आणि बंद पडलेल्या क्लोन्डॉल्किन कागद गिरणीचे सरकारीकरण अशा तरतुदी होत्या. त्याची किंमत तेव्हाच्या १०० दशलक्ष आयरिश पौंडांच्या घरात सांगितली जात असे. ९ मार्चला ग्रेगरी यांनी कराराचा मजकूर डॉलमध्ये उभे राहून वाचून दाखवला आणि तो कामकाजात नोंदवला गेला. हॉही ८६ विरुद्ध ७९ मतांनी टीशॉख झाले.

या कराराला अनेकांनी घोडेबाजार म्हटले. मला तो शब्द इथे अन्यायाचा वाटतो. घोडेबाजारात माणूस स्वतःसाठी काही घेतो आणि ते लपवतो. इथे स्वतःसाठी काहीच मागितले गेले नव्हते आणि सगळा मजकूर जगजाहीर होता. आक्षेप घ्यायचाच तर तो असा, की कॉर्क किंवा लिमरिकच्या तितक्याच दरिद्री वस्तीला असा प्रतिनिधी नव्हता म्हणून काही मिळाले नाही.

एवढा करार करूनही ते सरकार का टिकले नाही?

करार एकाशी होता आणि गरज पाच जणांची होती. वर्कर्स पार्टीचे तिघे आणि पूर्वी फिअना फॉलमध्ये असलेले अपक्ष नील ब्लेनी यांच्याशिवाय गणित जुळत नव्हते. सरकारने मध्येच एक फार हुशारीचा डाव टाकला. फिना गेलच्या रिचर्ड बर्क यांना ब्रसेल्समध्ये युरोपीय आयुक्त म्हणून पाठवले, म्हणजे त्यांच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक जिंकून आपली संख्या वाढेल. मे महिन्यात ती पोटनिवडणूक फिना गेलनेच जिंकली. आयुक्तपद गेले आणि जागाही मिळाली नाही, म्हणजे तेलही गेले, तूपही गेले.

उन्हाळ्यात दोन खुनांच्या प्रकरणात हवा असलेला आरोपी थेट महाधिवक्त्यांच्या घरी सापडला. महाधिवक्त्यांना त्याच्या गुन्ह्यांची कल्पना नव्हती, तरी त्यांना राजीनामा द्यावा लागला. शरद ऋतूत सरकारने खर्चकपातीचा आराखडा मांडला आणि वर्कर्स पार्टीने पाठिंबा काढला. त्यातच फिअना फॉलच्या एका सदस्याचे निधन झाले होते आणि दुसरे आजारी होते. ४ नोव्हेंबर १९८२ रोजी सरकार ८२ विरुद्ध ८० मतांनी हरले. ग्रेगरी तटस्थ राहिले. त्यांच्या करारातील बराचसा भाग कागदावरच राहिला.

अठरा महिन्यांत तिसरी निवडणूक झाली, फिना गेल आणि मजूर पक्षाला मिळून ८६ जागा मिळाल्या आणि १९८७ पर्यंत बहुमताचे सरकार आले.

१९८७ चे सरकार त्याहून दुबळे असूनही अधिक काळ कसे चालले?

आरंभ तर फारच नाजूक होता. १० मार्च १९८७ रोजी हॉही यांच्या बाजूने ८२ आणि विरोधात ८२ मते पडली. ग्रेगरी पुन्हा तटस्थ राहिले आणि सभापती ट्रेसी यांच्या निर्णायक मताने हॉही टीशॉख झाले. या वेळी त्यांनी कोणाशीही करार केला नव्हता.

त्यांना वाचवले ते विरोधी पक्षनेत्याने. देशावरील कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्याही वर गेले होते, बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास होती आणि तरुण पिढी बोटीने लंडन गाठत होती. अर्थमंत्री रे मॅकशॅरी यांनी खर्चाला अशी कात्री लावली की लोक त्यांना ‘सुरीवाला मॅक’ म्हणू लागले. फिना गेलचे नवे नेते ॲलन ड्यूक्स यांनी २ सप्टेंबर १९८७ रोजी डब्लिनजवळच्या टॅला येथे व्यापाऱ्यांच्या सभेत जाहीर केले, की सरकार वित्तीय शिस्तीच्या मार्गावर राहील तोवर त्या मुद्द्यांवर आपला पक्ष त्याला पाडणार नाही. हेच ‘टॅला धोरण’. कोणतेही पद मागितले नाही, कोणताही मतदारसंघ पदरात पाडून घेतला नाही. इतर विषयांवर सरकार सभागृहात अनेकदा हरले, पण अर्थसंकल्प मंजूर होत गेले.

ड्यूक्स यांना याचे फळ मिळाले नाही. १९८९ मध्ये पक्षाच्या जागा ५१ वरून ५५ वर गेल्या, एवढेच. १९९० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार तिसरा आला आणि ड्यूक्स यांचे नेतेपदही गेले.

मग हॉही यांनी १९८९ मध्ये मुदतीआधी निवडणूक का घेतली?

लोभामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. दूषित रक्तघटकांमुळे एचआयव्हीची बाधा झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना ४ लाख पौंडांचे साहाय्य द्यावे, या विरोधकांच्या ठरावावर सरकार एप्रिलमध्ये हरले. तो विश्वासदर्शक ठराव नव्हता आणि राजीनाम्याची गरजही नव्हती. परंतु जनमत चाचण्या अनुकूल होत्या आणि हॉही यांना आयुष्यात कधीही न मिळालेले बहुमत समोर दिसत होते. १५ जूनच्या मतदानात ८१ चे ७७ झाले.

डॉलची पहिली बैठक टीशॉख न निवडताच संपली. असे देशाच्या इतिहासात पूर्वी घडले नव्हते. आघाडी करणार नाही, हे फिअना फॉलचे मूलतत्त्व मानले जात असे. हॉही यांनी ते बाजूला ठेवले आणि ज्या डेझमंड ओमॅली यांना पूर्वी पक्षातून काढले गेले होते, त्यांच्याच प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स या पक्षाच्या सहा सदस्यांबरोबर जुलैमध्ये सरकार बनवले. ७७ आणि ६ मिळून ८३, म्हणजे सभागृहाच्या बरोबर निम्मे.

निवडणूक न होता सरकार बदलल्याचे उदाहरण आहे का?

एकच. १९९२ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने तोवरच्या विक्रमी ३३ जागा मिळवून फिअना फॉलचे नवे नेते अल्बर्ट रेनल्ड्स यांच्याशी आघाडी केली. नोव्हेंबर १९९४ मध्ये महाधिवक्त्यांच्या न्यायालयीन नेमणुकीवरून ती मोडली. दरम्यानच्या पोटनिवडणुकांनी संख्याबळ थोडे हलले होते आणि त्यामुळे फिना गेल, मजूर पक्ष व डेमोक्रॅटिक लेफ्ट यांचे सरकार जॉन ब्रूटन यांच्या नेतृत्वाखाली बनू शकले. ज्यांच्या अर्थसंकल्पाने १९८२ मध्ये सरकार पडले, तेच हे ब्रूटन.

१९९७ च्या सरकारने काय वेगळे केले?

फिअना फॉलचे ७७ आणि प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सचे ४ अशा ८१ जणांच्या जोडीला केरी दक्षिणचे जॅकी हीली-रे, डोनेगलचे हॅरी ब्लेनी आणि विकलोच्या मिल्ड्रेड फॉक्स असे तीन अपक्ष आले, पुढे डोनेगलचेच टॉम गिल्डी. अहर्न ८५ विरुद्ध ७८ मतांनी निवडून आले. हीली-रे हे उमेदवारी नाकारली म्हणून बंड केलेले फिअना फॉलवाले होते आणि ब्लेनी हे नील ब्लेनी यांचे भाऊ, म्हणजे भावकीतलेच. प्रत्येकाशी आधीच, स्वतंत्रपणे आणि तपशिलात ठरवले गेले आणि मुख्य प्रतोद शेमस ब्रेनन नियमितपणे त्यांच्या भेटी घेत असत, जेणेकरून अर्थसंकल्पातील गोष्ट त्यांना सभागृहात पहिल्यांदा ऐकावी लागू नये. केमी यांच्या प्रकरणाचा धडा बहुधा इथेच गिरवला गेला.

हे करार ग्रेगरी यांच्यासारखे जाहीर वाचून दाखवले गेले नाहीत आणि ही गोष्ट मला खटकते. शिवाय अर्थव्यवस्था तेजीत असल्याने सरकारजवळ वाटायला पैसा होता, तो १९८२ मध्ये कोणाजवळच नव्हता. सरकार २००२ पर्यंत चालले.

टॅला धोरणाची पुनरावृत्ती कधी झाली का?

झाली, आणि त्याचे एक टोक सिंधुदुर्गापर्यंत येते. २०१६ मध्ये फिना गेलला १५८ पैकी ५० जागा मिळाल्या. फिअना फॉल तटस्थ राहिल्याने एन्डा केनी ५९ विरुद्ध ४९ मतांनी टीशॉख झाले. या वेळी मोठ्या विरोधी पक्षाने भाषणावर न भागवता तीन अर्थसंकल्पांसाठी लेखी करार केला आणि नंतर तो चौथ्यासाठी वाढवला. २०१७ च्या जूनमध्ये केनी यांच्या जागी आले ते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. फेब्रुवारी २०२० मधील निवडणुकीपर्यंत त्यांनी हे अल्पमतातील सरकार चालवले आणि त्याआधीच्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले.